शमादानाच्या बुडाखालचे नाव

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील वसाहतकाळात घडवलेल्या चांदीच्या शमादानांविषयी (म्हणजे मेणबत्ती उभी करण्याच्या दांड्यांविषयी) नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. लिलावात अशा जोड्यांना मिळणाऱ्या रकमांचे वर्णन त्यात सविस्तर होते. मात्र चांदीच्या बाजारभावाच्या कित्येक पटींनी जास्त असलेली ही किंमत नेमकी कशाची असते, याविषयी लेखात जवळजवळ काहीच नव्हते. त्याचा परिणाम आमच्या भागात दिसू लागला आहे. यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांत विसाव्या शतकात अमेरिकन मिशनांचे दवाखाने, शाळा आणि बंगले होते. ती माणसे मायदेशी परतताना मागे राहिलेले काही सामान गावोगावच्या घरांत आजही आहे, आणि त्यातली मेणबत्तीची शमादाने आता फडक्यात गुंडाळून सराफाच्या काट्यावर येऊ लागली आहेत. मी खामगाव तालुक्यातला, पिढीजात सोनारकी असलेल्या घरातला. स्वतः मात्र भट्टीसमोर न बसता शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लोक मला विचारायला येतात. त्या सर्वांना एकदाच उत्तर मिळावे आणि त्या निमित्ताने आपल्याकडच्या चांदीविषयीही काही मांडता यावे, म्हणून हे पत्र.

प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की, ज्या वसाहतींत ही शमादाने घडली, तिथे चांदीच्या म्हणाव्यात अशा खाणी नव्हत्या. चांदी यायची ती नाण्यांच्या रूपाने, मुख्यतः मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतून निघून स्पॅनिश टांकसाळींत पाडलेल्या नाण्यांतून. ही नाणी कडांना कातरलेली, झिजलेली, कमीजास्त वजनाची असत. त्यावर उपाय म्हणून मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५२ मध्ये बोस्टनला स्वतःची टांकसाळ काढली आणि ती जॉन हल व रॉबर्ट सँडरसन या दोन सोनारांच्या हाती दिली. (त्या टांकसाळीची नाणी पुढे वर्षानुवर्षे पाडली गेली, तरी त्यांतल्या जवळजवळ सर्वांवर साल १६५२ हेच आहे.) ज्याच्या हाती गावाचे नाणे, त्याच्याच हाती गावाचे भांडे, अशी त्या काळी सोनाराची पत होती.

ज्याला शमादान, पेला किंवा चमचे करून घ्यायचे असत, तो आपली नाणी किंवा जुनी मोडकी भांडी घेऊन दुकानात जाई. सोनार ती तोलून गिऱ्हाइकाच्या खात्यावर जमा धरी, घडलेल्या वस्तूचे वजन नावे टाकी आणि घडणावळ वेगळी लावी. खामगावच्या किंवा अकोल्याच्या सराफ्यात ज्याने एकदा तरी मोड दिली आहे, त्याला हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही. बोस्टनचे प्रसिद्ध सोनार पॉल रिव्हियर यांच्या अशा नोंदींच्या वह्या १७६१ पासून १७९७ पर्यंतच्या आहेत आणि त्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत जपून ठेवल्या आहेत. इतर चोपड्यांप्रमाणे त्याही रद्दीत गेल्या असत्या, तर रिव्हियर यांच्या चांदीविषयी आज जे ठामपणे बोलता येते, त्यातले पुष्कळ बोलता आले नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या काळी इंग्लंडमध्ये चांदीची वस्तू विकण्यापूर्वी ती तपासणीसाठी सोनारसंघाच्या कचेरीत न्यावी लागे. तिथे टंच (चांदीची शुद्धता) पाहून सिंहाचा छाप, गावाचा छाप आणि सालाचे अक्षर ठोकले जाई, आणि १००० भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी हे तिथले नेहमीचे प्रमाण होते. अमेरिकन वसाहतींत अशी सरकारमान्य कचेरी नव्हती. स्वातंत्र्यानंतर १७८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सोनार-चांदीकामगारांनी आपली संस्था उभारली. बाल्टिमोर शहरात १८१४ मध्ये तपासणीची कचेरी सुरू झाली, पण ती व्यवस्थाही १८३० पर्यंतच टिकली. त्यामुळे वसाहतकाळातल्या अमेरिकन शमादानावर ना सिंह असतो, ना सालाचे अक्षर. त्यावर असतो तो घडवणाऱ्याचा स्वतःचा ठसा. जेरेमाया डमर यांचा ठसा म्हणजे बदामाच्या (हृदयाच्या) आकाराच्या चौकटीत दोन अक्षरे आणि खाली एक फूल. जॉन कोनी यांच्या ठशात अक्षरांवर मुकुट आणि खाली, आडनावावरून घेतलेला, ससा (इंग्रजीत ‘कोनी’ म्हणजे ससा). न्यूयॉर्कचे कॉर्नेलियस कियरस्टेड साध्या चौकोनात नुसती आद्याक्षरे ठोकत, आणि पुढच्या पिढीतले मायर मायर्स आपले पूर्ण आडनाव वळणदार लिपीत. चांदी चोख आहे की नाही, हे सांगणारा शासकीय छाप नसल्यामुळे त्या एवढ्याशा ठशावरच गिऱ्हाइकाचा सगळा विश्वास उभा असे, आणि ठसा खोटा ठरला तर त्या छोट्या गावात दुसऱ्या दिवशी दुकान उघडणे अवघड होते.

शमादान घडवणे हे पेला किंवा चमचा घडवण्यापेक्षा वेगळे काम आहे. पेला पत्र्यातून ठोकून वर काढता येतो. शमादानही आरंभीच्या काळात पत्र्यातून करत. अठराव्या शतकात मात्र ते ओतीव होऊ लागले. खांबाचा नमुना तयार करून तो वाळूच्या पेटीत दाबायचा, खांबाचे उभे दोन अर्धे वेगवेगळे ओतायचे, मग दोन्ही अर्धे जुळवून डाख (सांधा जोडणारा वितळता धातू) द्यायचा, बैठक वेगळी ओतून खांबाला जोडायची, आणि शेवटी कानस, रंधा आणि ओपणी. खांब आतून पोकळ राहतो, आणि नीट पाहिले तर त्याच्या दोन बाजूंना डाखाची बारीक उभी रेघ सापडते. ओतकामाला चांदी पुष्कळ लागते, आणि जोडी हवी म्हणजे दुप्पट लागते. शिवाय लंडनची तयार शमादाने जहाजाने येतच होती, पितळेचीही होती. वसाहतकाळातले चांदीचे पेले आणि चमचे भरपूर टिकले आणि तिथल्याच सोनाराने केलेली शमादाने मात्र फार थोडी, याचे मुख्य कारण हेच.

जी टिकली, त्यांतली काही नावानिशी ओळखता येतात. जॉन हल यांच्याकडे उमेदवारी केलेल्या डमर यांची सतराव्या शतकाच्या अखेरीची एक जोडी येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. चौकोनी बैठक आणि अनेक खांब एकत्र बांधल्यासारखा दिसणारा दांडा असे तिचे रूप आहे. कियरस्टेड यांनी १७०५ च्या सुमारास शायलर कुटुंबासाठी केलेली शमादाने, आणि वातीचा गूल कापायची कातर ठेवण्याचे त्यांच्यासोबतचे उभे घर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत, आणि त्यांवर कल्पनेतली माणसे व प्राणी कोरले आहेत. मला स्वतःला, कदाचित शिक्षक असल्यामुळे, सर्वांत जवळची वाटते ती जॉन कोनी यांची १७१६ ची जोडी. हार्वर्ड महाविद्यालयातले शिक्षक हेन्री फ्लिंट यांना त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती भेट दिली, आणि ती शिष्यांकडून आलेली भेट आहे एवढेच सालासह तीवर लॅटिनमध्ये कोरले आहे. आज ती डिअरफील्ड या जुन्या गावाच्या संग्रहालयात आहे. आमच्याकडे निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ आणि चांदीचा गणपती देतात. त्या गणपतीवर ना देणाऱ्यांचे नाव असते, ना घडवणाऱ्याचे.

याच कोनी यांच्याकडे फ्रान्समधून आलेला एक मुलगा उमेदवार म्हणून राहिला. तो पुढे स्वतः सोनार झाला आणि त्याचा मुलगा म्हणजे पॉल रिव्हियर. बोस्टनच्या कारागिरीतला गुरुशिष्यांचा हा धागा आज तीनशे वर्षांनंतरही जोडता येतो, तो वस्तूंच्या बुडाखाली ठोकलेल्या ठशांमुळे आणि वह्यांतल्या नोंदींमुळे. तरीही इथे एक गोष्ट नमूद करणे मला आवश्यक वाटते. ठसा दुकानाच्या मालकाचा असे. काम करणारे हात पुष्कळदा उमेदवारांचे आणि रोजावरच्या कारागिरांचे असत, आणि काही ठिकाणी गुलामांचेही. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात अलेक्झांडर पेट्री या सोनाराकडे अब्राहम नावाचा गुलाम कारागीर होता. तो आपल्याला माहीत आहे तो मालमत्तेच्या कागदांमुळे, म्हणजे त्याची विक्री झाली म्हणून. त्याच्या नावाचा ठसा कुठेही नाही. अमेरिकन चांदीचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मालकाची खूणही तितकीच महत्त्वाची असे. वस्तूच्या तळाशी तीन अक्षरे त्रिकोणात कोरण्याची रीत होती, वर आडनावाचे, खाली नवरा आणि बायको यांच्या नावांचे. शिवाय वस्तूचे वजन सुईसारख्या टोकाने तळाशी खरवडून ठेवत. बँका नसलेल्या काळात घरातली चांदी हीच शिल्लक असे, आणि चोरी झाली तर वर्तमानपत्रात जाहिरात देताना ठसा, अक्षरे आणि वजन यांचे वर्णन करता येई, म्हणजे दुसऱ्या गावच्या सोनाराकडे ती वस्तू विकायला आली तर त्याला ओळखता येई. नुसत्या नाण्यांची थैली चोरीला गेली, तर ती ओळखण्याची अशी कोणतीही सोय नव्हती. तळाचे ते खरवडलेले वजन आजही उपयोगी पडते, कारण आजचे वजन त्याहून पुष्कळ कमी किंवा जास्त भरले, तर वस्तूत नंतर फेरफार झाला आहे, असा संशय घेता येतो.

आता ज्यांच्या घरी मिशनच्या काळातली शमादाने आहेत, त्यांच्यासाठी. वसाहतकाळातले अस्सल अमेरिकन शमादान आमच्या भागात निघण्याची शक्यता जवळजवळ नाही, असे स्पष्टच सांगतो. तळाशी ई. पी. एन. एस. ही अक्षरे असतील, तर ते चांदीचे नसून जर्मन सिल्व्हर या, चांदीचा अंश नसलेल्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने दिलेला चांदीचा मुलामा आहे, आणि ही पद्धत १८४० च्या सुमारास व्यापारात आली. ‘स्टर्लिंग’ हा शब्द ठोकलेला असेल, तर चांदी खरी असू शकते, परंतु अमेरिकेत तो शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला, म्हणजे वस्तू वसाहतकाळातली नाही. त्या शब्दाशेजारी ‘वेटेड’ किंवा ‘रीइन्फोर्स्ड’ असे असेल, तर अधिकच जपावे. विसाव्या शतकातल्या अशा शमादानांत वर कागदासारखा पातळ चांदीचा पत्रा आणि आत सिमेंट किंवा राळेसारखे भरण असते, त्यामुळे काट्यावर दिसणारे वजन बहुतांशी भरणाचे असते. आमच्याकडच्या एका सराफाने अशी एक जोडी पूर्ण चांदीच्या हिशेबाने घेतली आणि भट्टीवर धरल्यावर डोक्याला हात लावला. त्याचे नुकसान झाले, आणि विकणाऱ्या कुटुंबावर पैसे परत करण्याची वेळ आली. यात कुणाची लबाडी नव्हती. ठसा वाचण्याची सवय दोघांनाही नव्हती.

बनावट मालाची गोष्ट वेगळी. प्रसिद्ध सोनारांचे ठसे खोटे पाडून साध्या वस्तूंवर ठोकण्याचा उद्योग अमेरिकेत पूर्वीच झालेला आहे, आणि रिव्हियर यांचे नाव त्यात सर्वांत जास्त वापरले गेले. काही वेळा एका खऱ्या पण किरकोळ वस्तूवरचा ठशाचा तुकडा कापून दुसऱ्या मोठ्या वस्तूत डाखाने बसवतात. शमादानांच्या बाबतीत आणखी एक युक्ती आहे. एकच खरे शमादान हाती असले, तर त्याचाच साचा घेऊन दुसरे ओतायचे आणि जोडी म्हणून विकायचे. ती पकडता येते, कारण पहिल्यावरचे ओरखडे आणि झीज दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरतात, ठसा ठोकलेला नसून ओतलेला असल्यामुळे त्याच्या कडा बोथट दिसतात, आणि ओतल्यावर धातू आकसत असल्याने दुसरे शमादान किंचित लहान भरते. डेलावेअरमधील विंटरथर संग्रहालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने चांदीतले इतर धातू मोजण्याचे काम १९७० च्या दशकापासून होत आले आहे. जुन्या चांदीत सोने आणि शिसे यांचा अंश राहिलेला असतो. आजची विजेच्या प्रक्रियेने शुद्ध केलेली चांदी त्या मानाने फारच स्वच्छ असते, आणि अठराव्या शतकातले म्हणून आणलेले शमादान तेवढ्यावरही उघडे पडू शकते.

आता आपल्याकडे. खामगावला रजतनगरी म्हणतात, आणि ते नाव पोकळ नाही. इथल्या चांदीच्या वस्तू दूरवर जातात. या भागात चांदी आली कशी, यातही अमेरिकेचा संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, आणि त्या व्यवहारात चांदी देशात मोठ्या प्रमाणावर उतरली. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तोही याच कापसामुळे. त्या चांदीच्या समया, निरांजने, करंडे, अत्तरदाण्या, तोडे आणि वाळे झाले. ते कुणी घडवले? आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही जुन्या घरी समई उलटी करून पाहावी. फार तर मालकिणीचे नाव ठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेले असते, तेही भांडी लग्नकार्यात हरवू नयेत म्हणून. कारागिराचे नाव नसते. आणि नापिकीच्या वर्षी किंवा लग्नसराईत नवे घ्यायचे म्हणून ती समई सराफाकडे गेली की टंच पाहून, घट धरून, ती मुशीत जाते.

हे टाळता येत नव्हते असे नाही. भुजचे ओमरसी मावजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या चांदीच्या कामावर ‘ओ. एम.’ अशी अक्षरे ठोकली, आणि तेवढ्यावर आज त्यांच्या वस्तू जगभरचे संग्राहक नावाने शोधतात. त्या तोडीचे हात वऱ्हाडात नव्हते, असे मी तरी मानणार नाही. इतर देशांतही चांदी वितळलीच. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेला, तेव्हा अमेरिकेत जुन्या चांदीचे ढीग भट्टीत गेले. पण ज्या वस्तूवर ओळखीचे नाव होते, तिच्याकडे भट्टीत घालण्याआधी कुणीतरी दुसऱ्यांदा पाहिले. सध्याच्या चढ्या भावात आमच्याकडे पहिल्यांदाही कुणी पाहत नाही.

यावर कुणी म्हणेल की आता हॉलमार्क आला आहे, आणखी काय हवे? त्याचे उत्तर थोडे कटू आहे. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्याआधीच्या छापात भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि शुद्धतेचा आकडा यांच्यासोबत तपासणी केंद्राची आणि सराफाची खूणही असे. नव्या पद्धतीत चिन्ह, शुद्धता आणि सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक, एवढेच उरले. चांदीसाठीही १ सप्टेंबर २०२५ पासून हा क्रमांक ऐच्छिक स्वरूपात लागू झाला आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये क्रमांक टाकला की नोंदणीकृत सराफ आणि तपासणी केंद्र कळते, फसवणूक कमी होते, आणि ग्राहकासाठी ही व्यवस्था चांगलीच आहे. तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण वस्तूवरून माणसाचे नाव गेले, आणि पूर्वी होते तेही विकणाऱ्याचेच होते. ज्याने ऐरणीवर काम केले, तो या नोंदीत कुठेच नाही. शंभर वर्षांनी ते ॲप चालू असेल की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. चांदीच्या एचयूआयडी नोंदणीत कारागिराचे नाव आणि गाव यांसाठी एक ऐच्छिक रकाना असावा. खामगावच्या सराफा व्यापाऱ्यांनी त्याची वाट न पाहता समई, करंडा, ताट अशा मोठ्या वस्तूंच्या तळाशी घडवणाऱ्या कारागिराचा नावाचा ठसा आणि साल ठोकण्याची पद्धत सुरू करावी. पोलादी ठसा पाडायला खर्च किरकोळ येतो आणि ठोकायला एक घाव पुरतो. जुनी वस्तू मोडीत घेताना तीवर काही अक्षरे कोरलेली असतील, तर भट्टीपूर्वी तिची वरून आणि तळाकडून छायाचित्रे काढावीत आणि वजनासह वहीत नोंद ठेवावी. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभे आहे. वऱ्हाडातल्या सोनारांची अवजारे, ठसे आणि हिशेबाच्या वह्या त्याने मागवल्या, तर देणारी घरे अजून आहेत, आमचेही त्यात आहे. ज्यांच्याकडे मिशनची शमादाने आहेत, त्यांनी ती पावडरीने घासून चकचकीत करू नयेत, कारण वारंवार घासल्याने आधी जातो तो ठसाच, आणि विकायचीच असतील तर तळाचा स्पष्ट फोटो काढून दोन ठिकाणी दाखवल्याशिवाय काट्यावर ठेवू नयेत.

आपल्या पुरवणीत लिलावाच्या रकमांना जेवढी जागा मिळाली, तेवढी या पत्राला मिळावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. खामगाव, जि. बुलढाणा